अंजनगाव नेमकं कोणतं?

वऱ्हाडात पत्ता सांगायची एक पद्धत आहे. ‘फाट्यावर ये’, ‘पंपाच्या पुढं थांब’, ‘पिंपळाखाली दिसतो मी तुले’. सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर फाटा असतो, पंप असतो, पिंपळही असतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोरही असतो, फक्त तो दुसरा पिंपळ असतो. दोन माणसांचं एवढ्यावर भागतं, कारण एक फोन केला की गोंधळ मिटतो. पण अकोल्याहून दहा आणि अमरावतीहून बारा गाड्या निघणार असतील, त्यातल्या चौघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसेल आणि गाडी चालवताना फोन उचलायचा नाही असा नियम असेल, तर पिंपळ पुरत नाही.

आमचा असा एक गट आहे. जुन्या चेतक स्कूटरी, काही बुलेट, एक खडखडणारी जीप. वर्षातून तीन-चार वेळा दोन्ही शहरांतली मंडळी कुठंतरी मधे भेटतात आणि पुढं सोबत जातात. कधी चिखलदऱ्याला, कधी अकोटमार्गे शहानूरला आणि तिथून नरनाळ्यावर. गटात उर्दू शाळेत शिकलेले आहेत, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेले आहेत, हिंदू आहेत, मुसलमान आहेत. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक मोजणीदारही आहेत. त्यांना आम्ही चाचा म्हणतो, बाकीचे काका म्हणतात. स्कूटर त्यांचीच सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नीट चालणारी.

चिखलदऱ्याला जायचं तर अकोल्याची मंडळी अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला येतात. अमरावतीकर वलगाव, आसेगाव करत सरळ परतवाड्याला पोचू शकतात. पण एकदा ठरलं की अंजनगावलाच भेटू, तिथली पानपिंपरीची शेती आणि पानमळे पाहू आणि मग पुढं जाऊ. निरोप गेला : ‘रविवार, सकाळी ७, अंजनगाव’. त्या वेळी पुण्याहून दोन पाहुणे कार घेऊन आले होते आणि अमरावतीत मुक्कामाला होते. त्यांनी फोनमध्ये अंजनगाव टाकलं, जवळचं निवडलं आणि बडनेऱ्याच्या पलीकडच्या अंजनगाव बारीला जाऊन उभे राहिले. आम्ही अंजनगाव सुर्जीला. दोन्ही अंजनगावं एकाच जिल्ह्यातली आणि सरळ रेषेतसुद्धा एकमेकांपासून पन्नास किलोमीटरहून लांब. पाहुण्यांचं काही चुकलं नव्हतं. निरोपात अंजनगाव होतं आणि ते अंजनगावातच होते.

आपल्याकडे हे नवीन नाही. एकट्या अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वे आहे. नांदगाव पेठ आहे, नांदगाव खंडेश्वर आहे. शिरजगाव कसबा आहे, शिरजगाव बंड आहे. टाकळी आणि पिंपळगाव तर मोजायलाच नकोत. जुन्या महसुली कारभारालाही हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी तो नावापुढं शेपूट जोडून सोडवला. आपण रोज म्हणतो तो ‘बुद्रुक’ म्हणजे फारसीतला ‘बुजुर्ग’, मोठा. ‘खुर्द’ म्हणजे लहान. ‘कसबा’ आणि ‘मौजे’ हे अरबीतून आलेले. सातबाऱ्यावरची ही भाषा मराठीत इतकी मुरली की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. पण शेपटालाही मर्यादा असते. तलाठ्याला गाव ओळखता यावं म्हणून ते जोडलेलं आहे. सकाळी सात वाजता बावीस गाड्या कुठल्या झाडाखाली लावायच्या, हे ते सांगू शकत नाही.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्यानं पिनकोड सुरू केला तोही याच कारणासाठी : एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिपी, वाचता न येणारे पत्ते. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. अकोल्याचा ४४४००१, अमरावतीचा ४४४६०१. सहा आकड्यांत पत्र योग्य पोस्टात पोचतं, पण त्यापुढं पोस्टमनला गाव माहीत असावं लागतं. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्यानं ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशाचा नकाशा सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत वाटला आहे आणि प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-आकड्यांची ओळख दिली आहे. मुळात तोही अक्षांश-रेखांशच, फक्त वेगळ्या लिपीत लिहिलेला. म्हणून आधी अक्षांश-रेखांश कळले तर बाकी सगळं आपोआप कळतं.

अंजनगावच्या त्या प्रकारानंतर गटात ठरलं की निरोपात आकडे टाकायचे. तेव्हा मजा आली ती शब्दांची. मराठी शाळेतले म्हणाले अक्षांश-रेखांश. उर्दू शाळेतला एक जण म्हणाला, आम्ही ‘अर्ज-बलद’ आणि ‘तूल-बलद’ शिकलो. अर्ज म्हणजे रुंदी, तूल म्हणजे लांबी, बलद म्हणजे शहर. त्यावर एकानं विचारलं, ‘अर्ज? तो त तहसीलमधी देतात ना बे?’ गंमत अशी की अरबीत दोन्ही एकाच धातूतून येतात आणि उर्दूत एकसारखेच लिहिले जातात.

नावं काहीही असोत, काम सोपं आहे. विषुववृत्तापासून उत्तरेला किती, हे अक्षांश सांगतो. इंग्लंडमधल्या ग्रीनिचपासून पूर्वेला किती, हे रेखांश सांगतो. अकोला साधारण २०.७० उत्तर, ७७.०० पूर्व. अमरावती साधारण २०.९३ उत्तर, ७७.७५ पूर्व. आधी अक्षांश, मग रेखांश, ही आपल्या फोनमधली रीत. आपल्या भागात ओळखायची खूण सोपी : विशीतला आकडा आधी, सत्तरीतला नंतर. उलटं टाकलं तर काय होतं? अकोल्याचे आकडे उलटे केले की ७७ उत्तर, २०.७ पूर्व होतं. म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या आसपासचा बर्फाळ समुद्र. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. लहान चूक जास्त घातक.

लहान चूक कशी होते ते पुढच्या जुलैत कळलं. भेटीची जागा पुन्हा अंजनगाव सुर्जी. चाचांनी त्यांच्या कपाटातला सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा काढला आणि त्यावरून फोनवर सांगितलं, ‘एकवीस नऊ, सत्त्याहत्तर अठरा.’ ऐकणाऱ्या पोरानं लिहिलं २१.०९, ७७.१८ आणि जीपवाल्याला पाठवून दिलं. चाचांच्या मनात होतं २१ अंश ९ मिनिटं, ७७ अंश १८ मिनिटं. घड्याळासारखंच इथंही एका अंशाची ६० मिनिटं असतात. ९ मिनिटं म्हणजे ०.१५ अंश, ०.०९ नव्हे. १८ मिनिटं म्हणजे ०.३० अंश, ०.१८ नव्हे. म्हणजे खरी जागा २१.१५, ७७.३०. त्या एका टिंबानं जीप सात-एक किलोमीटर दक्षिणेला आणि बारा किलोमीटर पश्चिमेला, एकूण सुमारे चौदा किलोमीटर लांब, एका पांदणीत नेली. जुलैतली काळी माती ज्यानं पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. जीप धुऱ्याला लागून रुतली. शेजारच्या शेतात डवरणी करणाऱ्या भावांनी बैलजोडी लावून ती काढली आणि चहाही पाजला. ‘इकडं कायले आले होते?’ या प्रश्नाला जीपवाल्याकडं उत्तर नव्हतं.

चाचा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहीचं एक पान भरून त्यांनी सगळ्यांना पाठवलं. ते मी इथं माझ्या शब्दांत देतो, कारण कुठल्याही गटाला ते उपयोगी पडेल.

एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे एक अंश रेखांश सुमारे १०४ किलोमीटरच भरतो. दशांश पद्धतीत टिंबानंतर दोन आकडे दिले तर जागा एक किलोमीटरच्या आसपास कळते, म्हणजे फक्त गाव. तीन दिले तर शंभरेक मीटर, म्हणजे चौक. चार दिले तर अकरा मीटर, म्हणजे टपरी. पाच दिले तर एक मीटर. भेटीसाठी पाच पुरेत. फोन कधी कधी टिंबानंतर दहा-बारा आकडे दाखवतो, पण फोनची स्वतःची अचूकता काही मीटरचीच असते. त्या शेपटाला अर्थ नाही.

अंश-मिनिटांत मिळालेला आकडा दशांशात आणायचा असेल तर मिनिटांना ६० नं भागायचं, सेकंद असतील तर त्यांना ३६०० नं भागायचं आणि सगळं अंशात मिळवायचं. आलेला आकडा लगेच पाठवायचा नाही. आधी स्वतःच्या फोनमध्ये टाकून पाहायचा आणि टाचणी कुठं पडते ते बघायचं. टाचणी धुऱ्यावर पडली तर पुन्हा हिशेब.

चाचांच्या पानावर शेवटी एक गोष्ट होती ती मला आधी क्षुल्लक वाटली. जुने सरकारी नकाशे पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतलेले आहेत, तो जॉर्ज एव्हरेस्टच्या मोजणीतून आलेला. फोनमधला उपग्रहांचा हिशेब दुसऱ्या आकारावर चालतो. त्यामुळं जुन्या कागदावरचे अंश-सेकंद जसेच्या तसे फोनमध्ये टाकले तर जागा शे-दोनशे मीटरनं सरकू शकते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठी निघालेल्या नकाशांची मालिका नव्या आकारावर आहे. म्हणजे कागद जुना असेल तर त्यावरून गाव ओळखावं, झाड ओळखू नये.

या एव्हरेस्टचं नाव शिखरामुळं सगळ्यांना माहीत असतं, त्याचा वऱ्हाडाशी संबंध कमी जणांना. विल्यम लॅम्बटननं १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि त्यातून पुढं कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत गेलेली ती महामोजणी उभी राहिली. तिचा कणा ७८ अंश रेखांशाच्या आसपासचा, म्हणजे आपल्या अंगणातून जाणारा. मोजणीत जुन्या नोंदींत ‘ताकल खेरा’ असं लिहिलेलं एक ठाणं येतं, एलिचपूरच्या म्हणजे आजच्या अचलपूरच्या मुलखातलं, साधारण २१ अंश ६ मिनिटांवर. १८२२ मध्ये तिथं पायारेषा मोजली गेली. दक्षिणेला दमरगिद्दा १८ अंशांच्या थोडं वर, उत्तरेला मध्य भारतातलं कल्याणपूर २४ अंशांच्या थोडं वर आणि मधे आपलं वऱ्हाड. २० जानेवारी १८२३ ला लॅम्बटन वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम एव्हरेस्टनं नेलं.

या मोजणीत जी प्रचंड थिओडोलाइट यंत्रं होती, त्यांतलं मोठं अर्ध्या टनाच्या आसपास भरायचं. ती बिघडली तर लंडनला पाठवण्यात वर्षं जायची. ती दुरुस्त करणारा माणूस अर्काटचा होता, सय्यद मीर मोहसीन हुसेन. हेन्री बॅरो हा इंग्रज यंत्रकार गेल्यावर त्यांचं काम कोण करणार असा प्रश्न आला, तेव्हा एव्हरेस्टनं मोहसीन हुसेन यांचा आग्रह धरला आणि उपकरणांची जबाबदारी त्यांच्याकडं आली. राधानाथ सिकदरांचं नाव आता शाळेच्या पुस्तकांत येऊ लागलं आहे, मोहसीन हुसेन यांचं अजून फारसं येत नाही. अंश आणि मिनिटं नेमकी यावीत म्हणून ज्यांनी पितळेची चाकं घासली, त्यांतला एक आपला होता, एवढं मुलांना सांगायला हरकत नाही.

त्याहूनही मागं जायचं तर अल-बिरूनी. त्यानं १०२५ मध्ये पुरं केलेलं एक पुस्तक शहरांच्या जागा निश्चित कशा करायच्या यावरच आहे. गझनीहून किब्ल्याची दिशा नेमकी कुठली, हा त्यामागचा एक प्रश्न होता. अक्षांश काढणं त्या काळीही अवघड नव्हतं, ध्रुवताऱ्याची किंवा दुपारच्या सूर्याची उंची मोजली की झालं. अवघड होता रेखांश, कारण रेखांश म्हणजे वेळेतला फरक आणि दोन शहरांची घड्याळं जुळवायला काही साधन नव्हतं. मग अल-बिरूनीनं ख्वारिझममधल्या काथहून आणि अबुल वफा बूझजानीनं बगदादहून, आधी ठरवून, एकच चंद्रग्रहण पाहिलं. तारीख २४ मे ९९७. दोघांच्या स्थानिक वेळेत सुमारे एका तासाचा फरक निघाला आणि त्यावरून दोन शहरांमधलं अंतर अंशांत कळलं. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, हीसुद्धा भेटच झाली की, फक्त जागा आभाळात होती.

किब्ल्याचा हिशेब आपल्यासाठीही रंजक आहे. मक्केचा अक्षांश २१.४२, अमरावतीचा २०.९३. म्हणजे मक्का आपल्यापेक्षा जेमतेम अर्धा अंश उत्तरेला. सपाट नकाशावर पाहिलं तर वाटतं, सरळ पश्चिमेला तोंड केलं की झालं. पण पृथ्वी गोल आहे आणि गोलावरची सगळ्यांत जवळची वाट वक्र दिसते. हिशेब केला तर अमरावती-अकोल्याहून किब्ला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडं येतो. रस्त्यावर असर पढायची वेळ झाली की आमच्यातलं कुणीतरी फोन काढतं आणि कुणीतरी मावळतीकडं पाहून चटई टाकतं. नमाज दोघांचीही होते. आकडे कळले म्हणून डोळ्यांनी अंदाज घ्यायचं सोडायचं नसतं.

रमजानमध्ये तर रेखांश थेट दस्तरखानावर येतो. भारताची घड्याळं ८२.५ अंशांच्या रेषेवर लावलेली. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. अकोला आणि अमरावतीत पाऊण अंशाचा फरक, म्हणजे तीन मिनिटं. अमरावतीत सूर्य तीन मिनिटं आधी मावळतो. इफ्तारच्या तक्त्यावर खाली बारीक अक्षरांत शेजारच्या गावांसाठी इतकी मिनिटं मिळवा, इतकी वजा करा असं छापलेलं असतं, ते हेच. दोन शहरांची मंडळी मूर्तिजापूरला इफ्तारला भेटली, तर वेळ दोघांच्याही तक्त्यातली नसते, मधली असते. पोरांना रेखांश शिकवायचा असेल तर हातात खजूर देऊन शिकवावा. लवकर समजतो.

आता फाट्याकडे परत येतो, कारण खरा घोळ तिथंच होतो. हमरस्त्यावर गावाचं नाव सांगितलं की फोन गावठाणात नेतो आणि सांगणाऱ्याच्या मनात असतो दोन-चार किलोमीटर अलीकडचा फाटा. अकोला-अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग ५३. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून जागतिक विक्रम झाला होता. रस्ता झकास झाला, पण मधे दुभाजक आहे. अकोल्याहून येणारा एका बाजूला, अमरावतीहून येणारा दुसऱ्या बाजूला. टाचणी एका बाजूच्या ढाब्यावर असेल तर समोरच्याला ढाबा दिसतो, आम्ही दिसतो, हात हलवणंही दिसतं आणि वळायला मात्र पुढं काही किलोमीटर जावं लागतं. मग कुणीतरी उलट्या दिशेनं गाडी घालतो, आणि अपघात तिथंच होतात. म्हणून आमच्या निरोपात आता जागेसोबत बाजूही असते : ‘अकोल्याकडून अमरावतीकडं जाताना डाव्या हाताला’. शक्यतो भेटच दुभाजकाच्या रस्त्यावर ठेवत नाही, आतल्या रस्त्यावर ठेवतो.

अकोलेकरांची एक वेगळी गंमत आहे. ७७ अंशांची रेषा जवळपास त्यांच्या शहरातूनच जाते. एकाच शहरातल्या दोन घरांपैकी एकाचा रेखांश ७६.९९ येतो, दुसऱ्याचा ७७.०१. आधीचा आकडा वेगळा दिसला की नवखा घाबरतो, वाटतं गावच बदललं. प्रत्यक्षात अंतर दोनच किलोमीटर.

आणि चिखलदरा. परतवाडा सोडून घाट लागला की मोबाइलचं नेटवर्क जातं. पुष्कळांचा समज आहे की नेटवर्क गेलं की फोनला जागा कळत नाही. तसं नाही. जागा फोनला उपग्रहांकडून कळते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही, फारतर थोडा जास्त वेळ लागतो. लागतो तो नकाशाचा कागद, म्हणजे त्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवलेला असावा. नकाशा नसला तरी आकडे दिसतात आणि जिथं नेटवर्कची एक काडी मिळेल तिथून ते साध्या एसएमएसनं जातात. घाटात कुणी पडलं तर १०८ ला किंवा ११२ ला ‘त्या तिसऱ्या वळणावर’ सांगण्यापेक्षा दोन आकडे वाचून दाखवणं बरं. आमच्या गटात घाट सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं एकदा आपला आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचा असा नियम आहे. हसतात सगळे, पण वाचतात.

हे एवढं सगळं फक्त गाड्यांच्या हौसेसाठी असतं तर मी लिहिलंही नसतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे २०२३ मध्ये अकोल्यात तीच पाळी आली. अमरावतीतल्या त्या दिवसांत माझ्या खालाचं इन्सुलिन संपत आलं. दुकान जिथं उघडं होतं त्या भागात आमच्या गटातला एक मित्र राहतो, हिंदू आहे. त्यानं औषध घेतलं, पण खालाचं घर त्यानं पाहिलेलं नव्हतं. लोकेशन पाठवायला इंटरनेट नाही. एरवी गल्लीत शिरून कुणालाही विचारलं असतं. त्या दिवसांत अनोळखी मोहल्ल्यात उभं राहून घर विचारणं त्यालाही नको होतं आणि आम्हालाही. कॉल चालू होते. मी फोनवर आकडे सांगितले, त्यानं एकेक आकडा परत म्हणून दाखवला. गटाच्या सवयीमुळं शहराचा नकाशा त्याच्या फोनमध्ये उतरवलेला होताच. संचारबंदीत सूट मिळालेल्या वेळात तो थेट गल्लीच्या तोंडाशी आला. माझा मावसभाऊ तिथं उभा होता. दोघांचं मिळून दहा शब्द बोलणं झालं असेल. खालाला अजूनही वाटतं की त्याला घर आधीपासून माहीत होतं.

त्या काळानंतर गटाची पहिली भेट ठरली तेव्हा घरोघरी विरोध झाला. एका आईचं म्हणणं सरळ होतं : ‘वीस पोरं गाड्या घेऊन एखाद्या गावच्या वेशीत उभी राहिली तर लोक काय समजतील? आणि तुमची नावं विचारली तर?’ याला खोडून काढण्यासारखं उत्तर आमच्याकडं नव्हतं, कारण भीती खोटी नव्हती. मग आम्ही जेवढं करता येईल तेवढं केलं. कुठं थांबणार, किती वेळ, किती गाड्या, हे लिहून संबंधित पोलीस ठाण्याला दिलं. सोबत आकडे दिले. ढाब्याच्या मालकाला आदल्या दिवशी भेटून आलो. घरी प्रत्येकाच्या हातात तोच कागद ठेवला. त्यामुळं धाक संपला असं नाही, पण ‘कुठंतरी फाट्यावर’ आणि ‘२१.१५ च्या पुढं हे तीन आकडे’ यात आईच्या दृष्टीनं फरक होता. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी असणं, एवढाच विश्वास त्या दिवशी आमच्या हातात होता.

याची दुसरी बाजूही आहे. नेमकी जागा ही जपून द्यायची वस्तू आहे. भेटीची जागा गटात टाकायची, घराची नाही. निघाल्यापासून पोचेपर्यंत सतत दिसणारं लोकेशन घरच्या एका माणसाला द्यायचं, साठ जणांच्या गटाला नाही. गटात बायका-मुली गाड्या चालवतात, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच. वाईट दिवसांत कुणाचं घर कुठं आहे याची यादी कुणाच्या हातात पडते, याचा अनुभव या देशातल्या अनेक शहरांना आहे. आकड्याला धर्म नसतो हे खरं, पण आकडा वापरणाऱ्याला हेतू असतो.

गावांची नावं बदलतात. एलिचपूरचं अचलपूर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि त्यावरून गटात वादही झाले, कधी कडवट झाले. एकदा वाद फार वाढला तेव्हा चाचा म्हणाले, ‘तुम्ही भांडा, मी आकडा टाकतो. तिथं सात वाजता या, चहा माझ्याकडून.’ सगळे आले. वाद मिटला नव्हता, चहाबरोबर पुन्हा सुरू झाला. पण समोरासमोर बसून झाला, आणि अर्ध्या तासानं गाड्या एकाच रांगेत पुढं निघाल्या.

आता आमचा निरोप असा जातो : तारीख, वेळ, गावाचं पूर्ण नाव तालुक्यासह, रस्त्याची बाजू, दशांशातले दोन आकडे टिंबानंतर पाच घरांपर्यंत, आणि शेवटी एक खूण. खूण मात्र आम्ही सोडलेली नाही. आकडे तिथवर नेतात, पण पोचल्यावर माणूस मान वर करून झाडच शोधतो. कालच पुढच्या रविवारचा निरोप आला. गावाच्या नावापुढं ‘सुर्जी’ मोठ्या अक्षरांत आहे. आकडे आहेत. आणि खाली चाचांनी लिहिलं आहे, ‘पिंपळाखाली. पण आधी टाचणी पाहा.’